अँजेलो दा फोन्सेका : साडीतल्या मरियमचा चित्रकार



प्रबोधनकाळ शिकवताना राफाएलचं नाव येतंच. 1480 च्या सुमारास रोममध्ये सम्राट नीरोचा मातीखाली गाडलेला महाल सापडला. चित्रकार दोरीने आत उतरायचे आणि छतावरची वेलबुट्टी, पक्षी, अर्धी माणसं-अर्धे प्राणी बघून यायचे. राफाएल आणि त्याच्या शिष्यांनी तसलीच नक्षी व्हॅटिकनच्या सज्ज्यात बायबलच्या प्रसंगांभोवती रंगवली. ख्रिस्तपूर्व देवदेवतांच्या रोमची नक्षी, आणि तीही पोपच्या घरात!

आता आपल्याकडचा माणूस बघा. अँजेलो दा फोन्सेका यांचा जन्म 1902 मध्ये गोव्यातल्या सांत इस्तेव बेटावर, कॅथलिक कुटुंबात झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते गेले खरे, पण तिथली विलायती शिकवण काही त्यांच्या मनाला पटेना. मग त्यांनी थेट शांतिनिकेतन गाठलं. तिथे अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस हे गुरू मिळाले. नंदलालबाबूंनी तरुणपणी अजिंठ्याच्या लेण्यांत जाऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या होत्या. म्हणजे बघा, आपल्या मराठवाड्यातली रेषा बंगालमार्गे या गोवेकराच्या हातात आली!

शिकून ते गोव्यात परतले आणि मरियम रंगवू लागले. ही मरियम गोरी नव्हती, सावळी होती. झगा नाही, साडी नेसलेली. आपल्या घरातलीच कुणी बाई वाटावी अशी. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. चर्चमधल्या अनेकांना हे मुळीच रुचलं नाही. राफाएलला जी मोकळीक चारशे वर्षांपूर्वी खुद्द रोममध्ये मिळाली, ती फोन्सेकांना स्वतःच्या गावात मिळाली नाही. मला तर वाटतं, खरी अडचण धर्माची नव्हतीच. देव राज्यकर्त्यांसारखाच दिसला पाहिजे, हा हट्ट होता.

शेवटी त्यांनी गोवा सोडला. पुण्यात शिवाजीनगरला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम आहे, तिथे त्यांना आसरा मिळाला. गंमत म्हणजे हा आश्रम तेव्हा अँग्लिकन पंथाच्या लोकांचा होता, कॅथलिकांचा नव्हता! मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले इतिहासकार फादर हेरास यांनीही पाठीवर हात ठेवला. फोन्सेका पुण्यात वर्षानुवर्षं चित्रं काढत राहिले.

1967 मध्ये पुण्यातच त्यांचं निधन झालं. त्यांच्या पत्नीने जपलेली बरीच चित्रं पुढे गोव्यात परतली. आज ती पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत.