कै. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील

दरसालच्या परिपाठाप्रमाणे यंदाच्या स्मरणिकेत आम्ही एका दिवंगत थोर पुरुषाचे स्मरण करीत आहोत. कै. विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील यांचे नाव घेताच प्रवरानगरचा साखर कारखाना डोळ्यांपुढे येतो. परंतु विठ्ठलराव आधी शेतकरी होते, आणि कारखाना त्यांना सुचला तो शेताच्या बांधावरच, हे आमच्या तरुण वाचकांनी ध्यानी घ्यावे.

त्या वेळच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील लोणी बुद्रुक हे त्यांचे गाव. नारळी पौर्णिमेचा जन्म, शिक्षण मराठी चौथीपर्यंत. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. प्रवरेच्या कालव्यांचे पाणी शिवारात खेळू लागले व ऊस उभा राहिला. पण पाण्याबरोबर सुख आले नाही. पाणीपट्टी, खत आणि बैलजोडी यांसाठी सावकाराचे दार ठरलेले. गुऱ्हाळातून निघालेली ढेप अडत्याच्या दुकानी गेली की भाव तो सांगेल तो. १९३० नंतरच्या मंदीत गुळाचा भाव कोसळला, तेव्हा कित्येकांच्या जमिनी गहाण पडल्या. शेजारी खासगी कंपन्या मात्र शेतकऱ्यांच्याच जमिनी खंडाने घेऊन त्यांत ऊस पिकवीत आणि साखरेचा नफा घेऊन जात.

सावकारीवर उतारा म्हणून विठ्ठलरावांनी १९२३ मध्येच गावात सहकारी पतपेढी उभी केली होती. लोकांनी त्यांच्यावर पुढे जो विश्वास टाकला, त्याचे मूळ आमच्या मते या लहानशा पेढीत आहे. डिसेंबर १९४५ मध्ये बेलापूर रोड (आजचे श्रीरामपूर) येथे बागाईतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. उसाचा मालक शेतकरी, तर साखरेचाही मालक शेतकरीच का नसावा, हा विचार तेथे पक्का झाला. मग भागभांडवलासाठी गावोगाव फिरणे आले. कर्जात बुडालेल्या कुणब्याने, अजून पायाही न घातलेल्या कारखान्यासाठी पैसे काढून द्यावयाचे! बुडाले तर पुन्हा सावकार, हे देणारा जाणत होता व मागणाराही जाणत होता.

येथे विठ्ठलरावांचे खरे मोठेपण दिसते. पैसा त्यांच्या शब्दावर जमला होता. अध्यक्षपद त्यांनी घेतले असते तर कोणी हरकत घेतली नसती. परंतु हिशेब, सरकार आणि कर्जपुरवठा यांच्याशी गाठ आहे, तेथे जाणता माणूस हवा, हे ओळखून गाडगिळांना त्यांनी अध्यक्ष केले व आपण उपाध्यक्ष राहिले. गाडगीळ ना गावचे, ना भावकीचे, ना ज्ञातीचे. ज्ञातीच्या स्मरणिकेत ही गोष्ट आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. कारण आमच्या कित्येक संस्था खुर्चीच्या वादात मोडल्या, हे वाचकांस सांगावयास नको. सुमारे दहा वर्षे हे दोघे अशा रीतीने एकत्र राबले.

३१ डिसेंबर १९५० रोजी पहिला गळीत हंगाम सुरू झाला. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना असे त्यास म्हणण्याचा प्रघात आहे. आंध्रातील एटिकोप्पाका येथे १९३३ च्या सुमारासच असा प्रयत्न झाला होता, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पण महाराष्ट्रात गावोगावी सहकारी धुराडी उभी राहिली ती प्रवरेचे पाहून, याविषयी दुमत नाही. १९६१ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. १९६४ मध्ये प्रवरानगरास शाळाही निघाली.

घरातही त्यांचा शब्द वडीलकीचा होता. पुत्र बाळासाहेब खासदार व केंद्रीय मंत्री झाले आणि २०१६ मध्ये निवर्तले; नातवंडेही राजकारणात आहेत. एका घराण्याकडे इतके यावे काय, असा प्रश्न विचारणारे विचारतात, व तो गैर आहे असे आम्हांस वाटत नाही. मात्र विठ्ठलरावांनी स्वतः जे उभे केले, त्याच्या मालकीच्या कागदावर हजारो सभासदांची नावे होती.

२७ एप्रिल १९८० रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांचा जन्मदिवस राज्य शासन शेतकरी दिन म्हणून पाळते. आमच्या सभासदांपैकी ज्यांच्या घरी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाचा त्या पहिल्या काळातील भागाचा दाखला जपून ठेवलेला असेल, त्यांनी तो पुढील अंकासाठी आमच्याकडे पाहावयास पाठवावा.