सेतुमाधवरावांची गोंडी

आदिलाबादच्या गोंड शाळांचा विषय निघाला की सगळ्यांना हायमेनडॉर्फ साहेब आठवतात. मला त्यांच्या जोडीने सेतुमाधवराव पगडी आठवतात.

पगडींचा जन्म 1910 चा, निलंग्याचा. निजाम सरकारचे अधिकारी म्हणून ते आपल्या जिल्ह्यात आले. 1940 मध्ये जोडेघाटला कुमराम भीम मारले गेले आणि त्यानंतर सरकारने व्हिएन्नाच्या हायमेनडॉर्फना इथं पाठवलं. मार्लवाईत गोंड मुलांची शाळा आणि शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं. पुस्तकं गोंडीत, लिपी देवनागरी. या कामात पगडी नुसते साहेब राहिले नाहीत. गोंडी शिकले, तिचं व्याकरणही लिहिलं. एक व्हिएन्नाचा, एक निलंग्याचा; पण दोघांना जोडलं ते तिसऱ्याच लोकांच्या भाषेने. पुढे पगडी इतिहासकार म्हणून गाजले, 1992 मध्ये पद्मभूषण झाले. 1994 मध्ये ते गेले, हायमेनडॉर्फ पुढच्याच वर्षी.

हे सांगायचं कारण वेगळंच. माझे एक सहकारी गोंड आहेत. वीस वर्षं आम्ही एकाच स्टाफरूममध्ये डबा खातो. सर माझ्याशी मराठीत बोलतात. मला मात्र गोंडीची दोन वाक्यं धड येत नव्हती. मैत्रीचा सगळा भार त्यांनीच उचलला होता, हे पगडींमुळे कळलं.

आता मधल्या सुट्टीत सर मला गोंडी शिकवतात. खूप हसतात, पण शिकवतात.