कर्मवीर भाऊराव पाटील आणि त्यांच्या सहधर्मचारिणी लक्ष्मीबाई

सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात ज्या भगिनींचे माहेर किंवा सासर आहे त्यांना रयत शिक्षण संस्थेचे नाव सांगावयास नको. वडाच्या झाडाचे चिन्ह असलेल्या तिच्या शाळा तिकडे गावोगाव आहेत. परंतु ही संस्था ज्यांनी काढली त्या कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या चरित्रात स्वयंपाकघराचा भाग किती मोठा आहे, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक नसते. पुस्तकांत सभा येतात, सन येतात, सत्कार येतात. चूल मात्र मागे राहते.

हा विषय मी का घेतला ते आधी सांगते. आपल्या मंडळाने या वर्धापनदिनापासून कॉलेजात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला शिष्यवृत्ती द्यावयाचे ठरविले आहे. ती कोणा थोर व्यक्तीच्या स्मरणार्थ असावी, आणि नुसते गुण न पाहता आपल्या वस्तीत जो काही काम करतो त्याला ती मिळावी, अशी सूचना सभेत आली. त्यावर बरीच चर्चा झाली. काही भगिनींचे म्हणणे असे पडले, की शिष्यवृत्ती ही हुशारीलाच द्यावी; मुलगा शेजारच्या आजोबांचे औषध आणून देतो की लहान मुलांचा अभ्यास घेतो याच्याशी कॉलेजचा काय संबंध? मी त्या सभेत लक्ष्मीबाई पाटील यांचे नाव सुचविले होते. वेळ थोडा असल्यामुळे कारण नीट मांडता आले नाही, ते येथे मांडते.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज या गावी झाला. घराणे जैन, मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा हे सरकारी नोकरीत कारकून होते, त्यामुळे बदलीच्या गावी बिऱ्हाड हलवावे लागे. मुलगा अंगाने धिप्पाड, स्वभावाने बंडखोर. अस्पृश्य मानलेल्या लोकांना विहिरीवर पाणी मिळत नाही हे पाहून त्याने विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी त्याच्या लहानपणीची गोष्ट सांगतात. अशा मुलाची आई रोज किती तक्रारी ऐकत असेल, याची कल्पना आपणा आयांना चांगली आहे!

पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापुरास राजाराम हायस्कूलमध्ये गेले आणि जैन बोर्डिंगात राहू लागले. तेथले सोवळ्याओवळ्याचे नियम त्यांना पटेनात, आणि ते न पाळल्यामुळे बोर्डिंग सोडावे लागले. तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली होती, ती भाऊरावांनी डोळ्यांनी पाहिली. एका जातीचे एक वसतिगृह असण्यापेक्षा सगळ्या जातींची मुले एका छपराखाली का राहू नयेत, हा पुढच्या आयुष्यातला त्यांचा प्रश्न तेथलाच असावा, असे मला वाटते. शाळेतली त्यांची प्रगती मात्र बेताचीच होती. इंग्रजी सहावीच्या आसपास शिक्षण थांबले ते थांबलेच. माझे सातवीवर थांबले, म्हणून मला याचे थोडे समाधान वाटते असे म्हटले तर कोणी हसू नये.

त्यांचा विवाह कुंभोजच्याच पाटील घराण्यातील आदक्का यांच्याशी झाला. याच आपल्या लक्ष्मीबाई. माहेर सधन होते, अंगावर भरपूर सोने घेऊन त्या सासरी आल्या. घरचे वळण जुने, कर्मठ. नवऱ्याची नोकरी स्थिर नाही, आणि १९१४ साली तर कोल्हापुरात एका पुतळ्याला डांबर फासल्याच्या प्रकरणात दुसऱ्या एका गृहस्थांविरुद्ध खोटी साक्ष देण्यास नकार दिल्यामुळे भाऊरावांना तुरुंगात हाल सोसावे लागले. तरुण बायकोने त्या दिवसांत काय काय ऐकून घेतले असेल, ते कोठे लिहिलेले नाही.

पुढची काही वर्षे भाऊरावांनी पोटासाठी नाना उद्योग केले. साताऱ्यात शिकवण्या केल्या, तेव्हा लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. ओगल्यांचे कंदील विकले, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले. नांगर विकणारा माणूस खेड्यापाड्यांत हिंडतो, शेतकऱ्याच्या ओसरीवर बसतो. तेथे त्यांना दिसले, की मुले हुशार आहेत पण गावात शाळा नाही, आणि शहरात शाळा आहे तर तेथे राहावयाची सोय नाही. खरी अडचण फीपेक्षा दोन वेळच्या भाकरीची होती. घरापासून दूर मुलाला ठेवावयाचे तर त्याच्या जेवणाचे काय, हा प्रश्न आधी आईच विचारते.

यातूनच ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ मध्ये ती साताऱ्यास आली आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. पुढे २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. हे वसतिगृह साताऱ्याच्या धनिणीच्या बागेत होते. नाव धनिणीचे, पण राहणारी मुले बहुतेक एका सदऱ्यावर वर्ष काढणारी!

आता या मुलांचा स्वयंपाक कोणी करावयाचा? मराठा, मुसलमान, महार, मांग, जैन, सगळी एका पंगतीला. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे हे लक्षात ठेवावे. पाण्याच्या घागरीला सावली लागली तरी आंघोळ करणारे लोक होते. लक्ष्मीबाई अशाच वळणाच्या घरात वाढलेल्या. भाऊरावांनी बंड केले ते शिकून, हिंडून, महाराजांच्या सहवासात राहून. या बाईंना असे काही मिळालेले नव्हते. त्यांना आपल्या चुलीपाशी उभे राहून, ज्या हातांनी देवाला नैवेद्य दाखवावयाचा त्याच हातांनी त्या सर्व मुलांना वाढावयाचे होते. ते त्यांनी केले. आजाऱ्याला पेज दिली, लहानग्यांना न्हाऊमाखू घातले. भाषण करून जात मोडणे मोठेच काम आहे, पण रोज सकाळसंध्याकाळ भाकरी वाढून ती मोडणे अधिक कठीण आहे असे माझे मत आहे.

पैसा कधीच पुरत नसे. भाऊराव देणग्यांसाठी हिंडत, आणि मागे कोठीत शिधा संपलेला असे. एकेक करून लक्ष्मीबाईंचे दागिने गेले. अखेर एके प्रसंगी भाऊराव परगावी असताना मुलांना शिजवून घालावयास घरात काही उरले नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्र देऊन धान्य आणविले. ही गोष्ट साताऱ्याकडे घरोघर सांगतात. आपण बायका जाणतो, की बाकीचे सोने निराळे आणि हे निराळे. पती जिवंत असताना ते गळ्यातून काढण्यास त्या काळच्या बाईला काय वाटले असेल! मुलांची एक वेळ चुकू नये, एवढ्यासाठी त्यांनी ते काढले.

येथे मला एक बोलावेसे वाटते. या त्यागाचे वर्णन करताना पुष्कळ वक्ते तो भाऊरावांच्याच खात्यावर मांडतात. त्यांनी पत्नीचे दागिनेसुद्धा विकले असे म्हणतात. पण दागिने बाईंचे, माहेरचे होते. त्यांनी नाही म्हटले असते तर तो त्यांचा हक्क होता. स्वतःचा संसार होता, मूल होते. देणारी म्हणून त्यांचे नाव वेगळे घ्यावयास हवे. रयतेच्या लोकांनी त्यांना रयतमाउली म्हटले ते योग्यच केले.

लक्ष्मीबाई १९३० साली वारल्या. हायस्कूल नाही, कॉलेज नाही, त्यांनी पाहिले ते एवढे वसतिगृहच. संस्थेचे वैभव त्यांच्या वाट्याला आलेच नाही.

भाऊराव त्यानंतर एकोणतीस वर्षे जगले आणि त्यांनी कामाचा सपाटा लावला. १९३२ मध्ये पुणे कराराच्या स्मरणार्थ पुण्यास युनियन बोर्डिंग हाऊस काढले. १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज सुरू केले, आणि १९३८ पासून, प्रथम साताऱ्याजवळच्या यवतेश्वरास, खेड्यांत व्हॉलंटरी शाळा उघडावयास आरंभ केला. ज्या गावांकडे कोणी फिरकत नसे तेथे वसतिगृहात वाढलेले तरुण मास्तर होऊन जाऊ लागले. माझ्या शिष्यवृत्तीच्या मुद्द्याला हीच गोष्ट महत्त्वाची आहे. गावाच्या मूठभर धान्यावर जो शिकला तो शिकून गावाच्या उपयोगी पडला. मूठभर हा शब्द मी उगाच वापरला नाही. जात्यावर दळावयास बसण्यापूर्वी बायकांनी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवावे आणि ते वसतिगृहाला द्यावे, असा मुष्टिफंड भाऊरावांनी चालविला होता. ज्या बाईने आयुष्यात शाळेची पायरी चढली नाही तीही त्या मुठीने शाळेची आश्रयदाती झाली.

दुसरी गोष्ट, भाऊरावांना फुकटचे आवडत नसे. वसतिगृहातली मुले झाडलोट करीत, पाणी भरीत, स्वयंपाकाला हात लावीत, शेतात राबत. १९४० साली साताऱ्यात निघालेले महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली निघालेले छत्रपती शिवाजी कॉलेज यांतही कमवा आणि शिका हाच मार्ग होता. विद्यार्थ्याने घाम गाळावा आणि त्यावर शिकावे, म्हणजे त्याला कोणापुढे मान खाली घालावी लागत नाही. १९५४ मध्ये कराडला कॉलेज काढले त्याला त्यांनी गाडगे महाराजांचे नाव दिले. हाती खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या साधूचे नाव कॉलेजला! झाडू मारण्याशी कॉलेजचा काय संबंध असे सभेत विचारणाऱ्या भगिनींनी रागावू नये, पण मला त्या वेळी हेच कॉलेज आठवले होते.

भाऊराव स्वतः जाडीभरडी खादी वापरीत आणि अनवाणी चालत. मुले त्यांना अण्णा म्हणत. लोकांनी कर्मवीर ही पदवी दिली, १९५९ साली पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली आणि भारत सरकारने पद्मभूषण दिले. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. साताऱ्यास त्यांची समाधी आहे.

आता त्यांच्या स्मरणार्थ काय काय चालते ते पाहू. पुणे विद्यापीठात, ज्याला २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे, कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने कमवा व शिका योजना चालते. कॉलेजातली मुले अभ्यास सांभाळून ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत ठराविक तास काम करतात आणि तासांच्या हिशेबाने त्यांना पैसे मिळतात. खेड्यातून आलेल्या मुलामुलींचा खानावळीचा खर्च त्यातून बराच निघतो. आणि लक्ष्मीबाईंच्या नावाने रयत संस्थेत शिक्षणाचा निधी आहे, त्यातून उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ मदत देतात. घेणाऱ्याने कमावता झाल्यावर ती फेडावयाची, म्हणजे तोच पैसा पुढच्या मुलाच्या कामी येतो. मंगळसूत्र गेले ते गेले, पण त्यांच्या नावाचा पैसा असा हातोहात फिरत राहिला.

आपली रक्कम लहान आहे, वर्गणीतून आणि हळदीकुंकवाच्या खर्चात काटकसर करून जमविलेली. म्हणून माझी सूचना अशी, की अर्जात गुणपत्रिकेबरोबर एक कोरा कागद जोडावयास सांगावे. गेल्या वर्षभरात वस्तीतल्या कोणासाठी आपण काय केले ते विद्यार्थ्याने त्यावर स्वतःच्या हाताने लिहावे, आणि ज्यांच्यासाठी केले त्यांना आपल्या दोन भगिनींनी घरी जाऊन विचारावे. घरची धुणीभांडी, धाकट्या भावंडांना सांभाळणे आणि आजाऱ्याची सेवा हेही काम म्हणून धरावे, नाहीतर मुलींचे अर्ज मागे पडतील. शिष्यवृत्ती मिळालेल्याने वर्षभर आठवड्यातून दोन दिवस मंडळाच्या खोलीत लहान मुलांचा अभ्यास घ्यावा. त्या दिवशी मुलांना खाऊ म्हणून काय द्यावयाचे ते पाळीपाळीने आपण ठरवू. पहिल्या महिन्याची पाळी मी घेते.