हाफकिन : लशीचा जनक, संशयाचा बळी

मुंबईत परळच्या आचार्य दोंदे मार्गावरून केईएम रुग्णालयाकडे जाणाऱ्या हजारो लोकांच्या नजरेस ‘हाफकिन’ हे नाव रोज पडते. या नावाची संस्था सर्वांना परिचित आहे. मात्र ज्याच्या नावाने ती ओळखली जाते, त्या शास्त्रज्ञाच्या वाट्याला याच शहरात कीर्ती आली आणि येथूनच त्याला कलंक माथी घेऊन जावे लागले, हे फारसे कोणाला ठाऊक नाही.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. इल्या मेचनिकोव्ह हे त्यांचे गुरू. ज्यूंविरुद्ध उसळलेल्या दंगलींत आपल्या वस्तीचे रक्षण करताना हाफकिन जखमी झाले आणि त्यांना अटकही झाली. मेचनिकोव्ह यांच्या रदबदलीमुळे त्यांची सुटका झाली. पुढे धर्म बदलल्यास अध्यापनाचे पद मिळण्याची शक्यता होती, परंतु त्यांनी ते नाकारले. मायदेशात संशोधनाची दारे बंद झाल्यावर १८८८मध्ये ते जिनिव्हाला आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तेथे प्रारंभी त्यांना काम मिळाले ते ग्रंथपालाचे!

ग्रंथालयातून प्रयोगशाळेत पोहोचलेल्या या तरुणाने कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी तिचा पहिला प्रयोग स्वतःवर केला. योगायोग असा, की याच वर्षी रशियात दिमित्री इव्हानोव्स्की यांनी जंतूंनाही अडवणाऱ्या गाळणीतून पार होणाऱ्या रोगकारक घटकाची नोंद केली आणि विषाणुशास्त्राचा पाया घातला गेला. हाफकिन यांचे क्षेत्र मात्र जिवाणूंचे होते. लशीची खरी कसोटी साथीच्या मुलखातच लागणार, हे ओळखून ते १८९३मध्ये कोलकात्यात दाखल झाले. कोलकात्यातील वस्त्यांपासून आसामच्या चहामळ्यांपर्यंत फिरून त्यांनी हजारो लोकांना लस टोचली. या धावपळीत मलेरियाने ग्रासल्यामुळे १८९५मध्ये त्यांना युरोपात परतावे लागले. प्रकृती सुधारताच ते पुन्हा भारतात आले.

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. शहर भीतीने रिकामे होऊ लागले. सरकारने ऑक्टोबरमध्ये हाफकिन यांना कोलकात्याहून पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाली एक खोली आणि तिच्यालगतचा व्हरांडा. मदतीला होते एक कारकून आणि तीन शिपाई. मांसाच्या रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्याखाली ते प्लेगचे जंतू वाढवीत आणि मग उष्णता देऊन मारीत. लोकांच्या धार्मिक भावना दुखावू नयेत म्हणून रश्शासाठी बोकडाचे मांस वापरण्यात आले. अवघ्या तीन महिन्यांत लस सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली आणि लस न घेतलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यात रोगाचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले.

तो काळ मोठा कठीण होता. पुण्यात प्लेगग्रस्तांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना १० मार्च १८९७ रोजी मृत्यूने गाठले. घराघरांत घुसून होणाऱ्या तपासणीने लोक संतप्त झाले होते. त्याच संतापातून २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. सरकारी उपायांबद्दल असा अविश्वास असताना लशीवर विश्वास बसणे सोपे नव्हते. अशा वेळी आगाखान तिसरे यांनी स्वतः लस टोचून घेतली, हाफकिन यांना कामासाठी आपली वास्तू दिली आणि खोजा समाजातील हजारो लोक पुढे आले.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. याच वास्तूत गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचे कॉलऱ्याने निधन झाले होते. त्यानंतर गव्हर्नरांनी ती सोडली होती. कॉलऱ्याची लस शोधणाऱ्याच्या हाती ती यावी, हाही एक योगच.

पण यशाच्या शिखरावर असतानाच आघात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल (आज पाकिस्तानात) या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. हे सर्व जण एकाच बाटलीतून लस दिलेले होते. संशय परळच्या प्रयोगशाळेवर आला. निर्जंतुक करण्याच्या पद्धतीत हाफकिन यांनी केलेल्या बदलावर बोट ठेवण्यात आले. चौकशी आयोगाने बाटली प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी, असा ठपका ठेवला. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले आणि ते युरोपात परतले.

वस्तुतः बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. बाटली उघडली तेव्हा लशीला धनुर्वाताच्या जंतूंचा दर्पही नव्हता. हे सारे मांडले जाऊनही न्यायाला वर्षे लागली. अखेर नोबेल विजेते रोनाल्ड रॉस यांच्या पुढाकाराने दहा नामवंत शास्त्रज्ञांनी जुलै १९०७मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मधून हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली. ब्रिटिश संसदेतही प्रश्न उपस्थित झाले. फ्रान्समधील ड्रेफस प्रकरणाशी या अन्यायाची तुलना होऊ लागली. वर्षअखेरीस ते दोषमुक्त ठरले.

दोष पुसला गेला, पण परळचे पद काही परत मिळाले नाही. ते कोलकात्यात रुजू झाले. तेथे लस बनविण्याचे काम त्यांच्याकडे देण्यात आले नाही. १९१५च्या सुमारास निवृत्त होऊन ते युरोपात परतले. उत्तरायुष्यात त्यांनी ज्यू धर्मशिक्षणाच्या कार्यास वाहून घेतले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते.

त्याआधी पाच वर्षे, म्हणजे १९२५मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते. ज्या वास्तूतून त्यांना अपमानित होऊन जावे लागले, तिनेच त्यांचे नाव जपले. पुढे १९७५मध्ये लसनिर्मितीचे काम वेगळ्या कंपनीकडे सोपविण्यात आले. विषाणूंवरील संशोधनही या परिसरात रुजले आणि येथून निघालेले पोलिओ लशीचे थेंब देशभरातील बालकांपर्यंत पोहोचले. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया पोलिओमुक्त घोषित झाला, त्या यशातही या नावाचा वाटा आहे. लस बाटलीत तयार होते, परंतु टिकते ती लोकांच्या विश्वासावर. तो विश्वास मिळविण्यासाठी हाफकिन यांनी पहिली सुई नेहमी स्वतःला टोचून घेतली. तो गमावल्याची किंमतही त्यांनी एकट्यानेच मोजली.