डॉ. रखमाबाई आणि विवाहमुक्तीचा हक्क

विवाह हा संस्कार आहे, तो मोडता येत नाही, असे स्मृतिकारांनी सांगितले. पण हे बंधन फक्त स्त्रीपुरते होते. पुरुषाला एक बायको टाकून दुसरी करण्याची मुभा होती. स्त्रीला मात्र नवरा कसाही असो, त्याच्या दारातून बाहेर पडण्याची वाट नव्हती. अशा काळात एका तरुणीने न मानलेल्या लग्नाला नकार दिला आणि त्यासाठी तुरुंगात जाण्याची तयारी दाखविली. त्या डॉ. रखमाबाईंचे चरित्र आपल्या भगिनींनी वाचावेच; परंतु नवरा-बायकोचे तंटे सोडविण्यासाठी समाजाच्या बैठकीत बसणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ते अधिक लक्षपूर्वक वाचावे.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत, सुतार समाजात झाला. वडील जनार्दन पांडुरंग सावे त्या अगदी लहान असतानाच वारले आणि आई जयंतीबाई विशीच्या आतच विधवा झाल्या. या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत या विधुर गृहस्थांशी विवाह केला. सखाराम अर्जुन विद्याव्यासंगी होते. त्यांच्या घरात रखमाबाईंना वाचनाची गोडी लागली.

तरीही रूढीने त्यांना सोडले नाही. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी या विशीच्या आसपासच्या तरुणाशी लावून देण्यात आले. रखमाबाई सावत्र वडिलांच्या घरीच राहिल्या. दादाजीने शिकावे, माणूस बनावे अशी अपेक्षा होती. पण त्याने शिक्षण सोडले आणि तो मामाच्या आश्रयाने राहू लागला. इकडे रखमाबाई घरीच अभ्यास करून विचाराने वाढत होत्या. ज्या लग्नाला संमती देण्याचे आपले वयच नव्हते, ते आपल्यावर बंधनकारक कसे, असा त्यांचा साधा प्रश्न होता.

१८८४ साली दादाजीने मुंबई हायकोर्टात दावा लावला. पत्नीने आपल्या घरी नांदावयास यावे, ही त्याची मागणी. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. जे कधी एकत्र नांदलेच नाहीत, त्यांचे नांदणे पुन्हा सुरू करा असे कसे म्हणता येईल, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. त्याच वर्षी रखमाबाईंनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त नाव न देता, एक हिंदू स्त्री म्हणून, बालविवाहावर पत्रे लिहिली होती. सनातन्यांचा संताप अनावर झाला. धर्म बुडाला अशी ओरड सुरू झाली. टिळकांच्या 'केसरी'नेही रखमाबाईंच्या विरोधात लेखणी चालविली. १८८६ साली अपिलात पिन्हींचा निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की, महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करू, पण या घरी जाणार नाही असे निर्धाराने कळविले.

पुढे काय झाले? राणी व्हिक्टोरियाने हे लग्न रद्द केले, अशी कथा अनेक ठिकाणी सांगितली जाते. प्रत्यक्षात १८८८ साली तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजीने आपला हक्क सोडला. तुरुंग टळला, पण कायद्याच्या दृष्टीने लग्न जिथल्या तिथेच राहिले. दादाजीने दुसरे लग्न केले, तो त्याचा अधिकारच होता. रखमाबाईंना तो अधिकार नव्हता. १९०४ साली दादाजी वारला, तेव्हा रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे नेसले. ज्या घरी त्या एक दिवसही नांदल्या नाहीत, त्या घराचे वैधव्य त्यांच्या वाट्याला आले!

या तडजोडीचा विचार आपण केला पाहिजे. रखमाबाईंच्या पाठीशी सुशिक्षित घर होते, पैसा होता, मलबारींसारखे सुधारक होते. म्हणून त्या सुटल्या. ज्या गरीब बाईजवळ दोन हजार तर सोडाच, दोन रुपयेही नव्हते, तिने काय करावयाचे होते? अनेक बहुजन जातींत काडीमोड आणि पाट होते, हे खरे. पण तेही पंचांच्या मर्जीवर होते. हक्क नसेल तर तडजोड म्हणजे दुसऱ्याची मेहेरबानी होते.

रखमाबाई मात्र रडत बसल्या नाहीत. १८८९ साली त्या इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या आणि १८९४ साली डॉक्टर झाल्या. परत येऊन त्यांनी सुरत आणि राजकोट येथे स्त्रियांच्या इस्पितळांत सुमारे पस्तीस वर्षे सेवा केली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

हे वर्ष ध्यानात ठेवावे. मुंबई प्रांतात १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला होता. साऱ्या देशासाठी तो हक्क हिंदू कोड बिलात होता. हे बिल रखडविले गेले, आणि मंत्रिपद सोडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या कारणांत ते प्रमुख होते. तो राजीनामा सप्टेंबर १९५१ चा. अखेर हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी अंमलात आला. म्हणजे रखमाबाईंच्या निधनापूर्वी अवघे चार महिने! हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. १९७६ साली त्यात परस्पर संमतीने घटस्फोट घेण्याची तरतूद झाली. १९८४ च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालयांची सोय झाली, तिथे आधी समेटाचा प्रयत्न होतो. नांदावयास येण्याचा दावा आजही कायद्यात आहे. पण तो न पाळणाऱ्या स्त्रीला तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ सालीच गेली.

समेट वाईट नाही. दोघांची मने जुळत असतील तर संसार जरूर सावरावा, मुलांचा विचार करावा. पण मारहाण सोसणाऱ्या मुलीला चार माणसांत बसवून, घराची अब्रू सांगून परत धाडणे याला समेट म्हणत नाहीत. तिला बाहेर पडण्याचा हक्क आहे हे आधी मान्य करावे, तिचे म्हणणे तिच्याच तोंडून ऐकावे, मग बोलणी करावीत. जिला नाही म्हणता येते, तिच्याच होकाराला किंमत असते. रखमाबाईंनी हे बाविसाव्या वर्षी न्यायालयासमोर सिद्ध केले. आपल्या बैठकींना ते समजावयास आणखी किती वर्षे लागावीत?