पंडिता रमाबाई आणि दुष्काळातल्या मुली

शब्बाथशाळेत पंडिता रमाबाईंचे चरित्र सांगताना आपण बहुधा त्यांच्या संस्कृत पांडित्यापासून आरंभ करतो. आम्हांला मात्र त्यांच्या उपासमारीपासून आरंभ करावासा वाटतो. 1858 साली जन्मलेल्या रमेचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. जमीनजुमला सरल्यावर हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरू लागले. 1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. दागिने गेले, तांब्यापितळेची भांडी गेली. अखेर झाडपाला व पाणी यांवर दिवस काढावे लागले. भीक मागण्याची लाज, आणि हातांना कसलेच काम ठाऊक नाही! आईवडील गेले, पुढे थोरली बहीणही गेली. सोळा वर्षांच्या रमेला हजारो श्लोक मुखोद्गत होते. पण त्यांच्या बळावर मूठभर धान्य मिळाले नाही.

पुढचे आपणांस ठाऊकच आहे: कलकत्त्यातील सन्मान, 1882 साली आलेले वैधव्य, 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा, 1889 साली मुंबईत शारदा सदन.

1896-97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. पैशाची ओढाताण असूनही बाई तिकडे गेल्या आणि सुमारे 300 मुली व तरुण विधवा घेऊन आल्या. 1900 साली गुजरातेतल्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्ती सदनातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. काही मुली इतक्या खंगल्या होत्या की आल्यावरही वाचल्या नाहीत.

पाऊस पडला म्हणजे सरकारदरबारी दुष्काळ संपतो. घरात तो संपत नाही. बैल विकलेले, बियाणे खाल्लेले, सावकाराचे कर्ज डोक्यावर. अशा घरची मुलगी लवकर उजवली जाते, निरक्षर राहते, आणि तिच्या लेकरांच्याही पानात तेच वाढले जाते. म्हणून बाईंनी नुसते अन्नछत्र घातले नाही. वाचन-लेखनाबरोबर विणकाम, शिवण, शेती, गुरांची निगा, तेलाचा घाणा, छापखाना अशी कामे मुलींच्या हाती दिली. कन्या मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून अंध मुलींना वाचते केले. तो तेलाचा घाणा मुलांना पांडित्याइतकाच अगत्याने सांगावा, असे आमचे मत आहे.

1921 साली मनोरमाबाई वारल्या, आणि 5 एप्रिल 1922 रोजी बाई प्रभूजवळ गेल्या. त्यांनी केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर 1924 साली संपूर्ण छापून निघाले. त्याचे खिळे जुळवणाऱ्या मुक्तीतल्याच मुली व बाया होत्या.