एका शिलिंगाचे तिकीट

'ऑर्केस्ट्रा' म्हटले की आपल्याकडे डोळ्यांसमोर येतो तो गणेशोत्सवातला मांडव, रंगीत दिवे आणि हिंदी, मराठी, कन्नड सिनेमांतली गाणी. युरोपातला मूळ ऑर्केस्ट्रा मात्र निराळा. साठ-सत्तर, कधी शंभरही वादक, व्हायोलिनपासून नगाऱ्यापर्यंत नाना वाद्ये, प्रत्येकापुढे कागदावर लिहिलेले स्वर, आणि या साऱ्यांना एका लयीत बांधून नेणारा एक संचालक. एवढा मोठा संसार पोसायचा म्हणजे खर्च आलाच, आणि खर्च आला की तिकीट महागले. त्यामुळे हे संगीत बराच काळ पैसेवाल्यांच्या दिवाणखान्यात राहिले. ते सामान्य माणसाला एका शिलिंगात ऐकवणाऱ्या सर हेन्री वुड यांचे चरित्र मी येथे सांगणार आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, सुरांचा जाणकार नव्हे. तेव्हा त्यांच्या आयुष्याकडे मी थोडे जमाखर्चाच्या अंगाने पाहिले, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

हेन्री वुड यांचा जन्म ३ मार्च १८६९ रोजी लंडनमधील ऑक्सफर्ड स्ट्रीट येथे झाला. वडिलांचा धंदा दागिन्यांचा आणि चष्म्यांचा. शिवाय इंजिनांच्या लहान, हुबेहूब प्रतिकृती बनवण्यात त्यांचा हातखंडा होता. आई वेल्सकडची, गोड गळ्याची. घर दुकानदाराचे, पण गाण्यावाजवण्याचे. या एकुलत्या एका मुलाला पियानोचे पहिले धडे आईनेच दिले. पोरवयातच तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागला. पुढे रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिक्षण झाले आणि मग गावोगाव फिरणाऱ्या ऑपेरा कंपन्यांतून संचालनाची उमेदवारी. आपल्याकडे नाटक कंपनीत पेटीवाला घडावा, तसा हा संचालक घडला.

१८९३ साली लंडनमध्ये क्वीन्स हॉल नावाचे भव्य सभागृह उघडले. त्याचे व्यवस्थापक रॉबर्ट न्यूमन यांच्या मनात एक योजना होती. उन्हाळ्याच्या अखेरीस, जेव्हा बडी मंडळी शहराबाहेर असतात आणि सभागृहे ओस पडतात, तेव्हा रोज रात्री स्वस्त मैफली करायच्या. आरंभी लोकांना आवडेल तेच द्यायचे आणि मग हळूहळू, पायरीपायरीने, त्यांना उत्तमोत्तम संगीताकडे न्यायचे. ही शिडी चढवायला त्यांनी निवडले ते सव्वीस वर्षांच्या हेन्री वुड यांना.

भांडवल आले अनपेक्षित ठिकाणाहून. डॉ. जॉर्ज कॅथकार्ट हे घशाचे तज्ज्ञ होते. लंडनमध्ये त्या काळी वाद्ये फार चढ्या पट्टीत लावत आणि त्याने गायकांच्या गळ्यांवर ताण येई. पट्टी उतरवावी आणि संचालक वुडच असावेत, या दोन अटींवर डॉक्टरांनी पैसे घातले. १० ऑगस्ट १८९५ रोजी पहिली मैफल झाली. खालच्या भागातल्या खुर्च्या काढून टाकल्या होत्या. तेथे उभे राहून, हवे तर फिरत ऐकायचे, म्हणून या मैफलींचे नाव 'प्रॉमिनेड कॉन्सर्ट्स', आणि लोकांच्या तोंडी नुसते 'प्रॉम्स'. खाण्यापिण्याला आणि धूम्रपानालाही मोकळीक होती. फक्त गाणे चालू असताना काडी ओढू नये, एवढीच विनंती!

आता दर पाहा. उभे राहण्याचे तिकीट एक शिलिंग, म्हणजे पौंडाचा विसावा हिस्सा. सबंध हंगामाचा पास एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग. मैफली आठवड्यातून सहा रात्री होत. याचा अर्थ, साडेतीन आठवडे नेमाने येणाऱ्या श्रोत्याचा पास वसूल झाला आणि पुढचे सारे त्याला फुकट! नित्य येणाऱ्याला सवलत देण्याची ही युक्ती विक्रीशास्त्राच्या पुस्तकात शोभेल. पण येथे विकायची होती ती सवय. एखाददुसऱ्या रात्रीत कोणी रसिक होत नाही. चाळीस रात्री कानावर पडले की कान आपोआप तयार होतो.

वुड यांनी माल मात्र स्वस्त केला नाही. मध्यंतरानंतरच्या भागात हलकीफुलकी गाणी असत, पण पूर्वार्धात वजनदार रचना येत, आणि वर्षे गेली तसे हे पारडे जड होत गेले. सोमवार वॅग्नरचा आणि शुक्रवार बेथोव्हेनचा असे वारच ठरून गेले. दर हंगामात नव्या रचना पहिल्यांदा ऐकवल्या जात. १९१२ साली शोनबर्ग यांची पाच वाद्यवृंद-रचनांची मालिका त्यांनी जगात प्रथम सादर केली, तेव्हा श्रोत्यांनी फूत्कार टाकून नापसंती दाखवली. तरी नवे ऐकवण्याचा नेम त्यांनी सोडला नाही. १९०८ पासून रोझा न्यूमार्च या विदुषी कार्यक्रमपत्रिकेसाठी रचनांची माहिती लिहू लागल्या, म्हणजे शिलिंग देणाऱ्याला ऐकण्याबरोबर समजून घेण्याचीही सोय झाली.

शिस्तीच्या बाबतीत वुड कडक. सरावाला वेळ थोडा, म्हणून ते घड्याळ लावून काम करीत आणि वादकांच्या कागदांवर जाड निळ्या पेन्सिलीने आधीच खुणा करून ठेवीत. त्या काळी जास्त पैशाचे काम मिळाले की वादक आपल्या जागी बदली माणूस पाठवीत. १९०४ साली ही प्रथा बंद केल्यावर चाळीसेक वादक सोडून गेले आणि त्यांनी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. वुड यांनी त्यांच्याशी वैर धरले नाही. १९१३ साली त्यांनी आपल्या वाद्यवृंदात सहा स्त्रियांना घेतले, तेही पुरुषांइतक्याच वेतनावर. त्या काळात हे धाडसच होते.

पण शिलिंगाच्या तिकिटांवर एवढा पसारा चालेल कसा? तूट कोणीतरी भरून काढावीच लागे. १९०२ साली नाट्यव्यवसायात बुडाल्यामुळे न्यूमन यांचे दिवाळे निघाले, तेव्हा एडगर स्पेयर या धनिक सावकाराने भार उचलला. महायुद्ध सुरू झाल्यावर, मूळ जर्मन म्हणून त्यांनाच देश सोडावा लागला. मग चॅपेल या संगीत-प्रकाशन कंपनीने आणि १९२७ पासून बीबीसीने हा खर्च सोसला. रेडिओमुळे तर सभागृहाच्या भिंतीच गळून पडल्या. दर वेळी हिशेबाची वही दुसऱ्याच्या हाती गेली, पण संचालकाची काठी वुड यांच्याच हाती राहिली. १९१८ साली अमेरिकेतील बोस्टनच्या वाद्यवृंदाने त्यांना बोलावले होते. ते गेले नाहीत. १९२३ पासून रॉयल अकॅडमीतल्या विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदालाही ते शिकवीत होते.

त्यांच्या चरित्रातला एक प्रसंग मला सर्वांत मोठा वाटतो. १९१४ साली जर्मनीशी युद्ध पेटले आणि जर्मन संगीत बंद करा अशी ओरड झाली. सुरुवातीला वॅग्नरचा एक कार्यक्रम बदलावाही लागला. पण न्यूमन आणि वुड यांनी लौकरच ठरवले की बेथोव्हेन, वॅग्नर पूर्वीप्रमाणेच वाजतील. श्रोते पुन्हा आले आणि त्यांनी ते ऐकले. मराठी आणि कन्नड विभाग एकाच मुखपृष्ठाआड असलेल्या मासिकाच्या वाचकांना याचे मोल निराळे सांगायला नको. आपल्या जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे गाणे कन्नड की मराठी, असे कोणी विचारीत नाही.

१० मे १९४१ च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात क्वीन्स हॉल जळून खाक झाला. सेहेचाळीस वर्षांचे घर एका रात्रीत गेले. वुड तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. त्याच उन्हाळ्यात रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रॉम्स झाले! १९४४ चा पन्नासावा हंगाम उडत्या बॉम्बमुळे लंडनबाहेर हलवावा लागला. जुलैअखेर रेडिओसाठी बेथोव्हेनच्या सातव्या सिंफनीचे संचालन करून ते आजारी पडले, आणि १९ ऑगस्ट १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. क्वीन्स हॉलच्या ढिगाऱ्यातून वाचलेला त्यांचा ब्राँझचा अर्धपुतळा आजही दर हंगामात अल्बर्ट हॉलमध्ये मांडतात. त्याच्यासमोर उभ्याने ऐकणाऱ्यांसाठी स्वस्त तिकिटे अजूनही त्याच दिवशी विक्रीला निघतात.

वाचकहो, धारवाड-बेळगावच्या या पट्ट्यात गायक-वादकांची वाण कधीच नव्हती. तरीही आम्हा विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांना शास्त्रीय संगीत म्हणजे जाणकारांचेच, असे वाटते. आपल्या महाविद्यालयाच्या सभागृहात वर्षाकाठी चार संध्याकाळी मैफल ठेवावी, गाण्याआधी रागाची ओळख मराठीतून आणि कन्नडमधून करून द्यावी, आणि तिकीट एका चहाच्या किमतीएवढे असावे. तूट किती येईल याचा अंदाज मी मांडून ठेवला आहे. विद्यार्थी मंडळाने मागावा, मी वही घेऊन येईन.